तिसरी चळवळ नामंजूर

धाकट्यानं 'चळवळ' हा शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवून तो थोडा वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसला. शब्द अंगापिंडानं भरलेला होता, दिसायला बरा होता आणि मुख्य म्हणजे मान्य शब्दसंग्रहातला होता. एवढं सगळं एकाच शब्दात सहसा जमून येत नाही. माणसात तर नाहीच.

धाकटा नगर कार्यालयाच्या भाषा विभागात कच्च्या नेमणुकीवर अनुवादक होता. घरात तो धाकटा होताच; ऑफिसातही वयानं सगळ्यांत धाकटा निघाला, त्यामुळे हे नाव त्याला दोन्हीकडे पुरलं. विभाग म्हणजे तीन टेबलं, एक कपाट आणि खिडकी उघडली की आपोआप फिरणारा पंखा. परक्या भाषेतला कुठलाही अर्ज आधी इथे यायचा, आपल्या भाषेत व्हायचा आणि मग वरच्या मजल्यावर अडायला जायचा. विभागाच्या प्रमुख बाईंना मागे सगळे शब्दबाई म्हणत. तोंडावर कुणी काहीच म्हणत नसे. मान्य शब्दसंग्रह त्यांनीच तयार केला होता, आणि त्यात प्रत्येक शब्दाला एकच अर्थ होता. दोन अर्थ दिले की कर्मचारी निवड करतो, निवड केली की विचार करतो, आणि मग कामं तुंबतात, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं.

आता टेबलावर पडलेला अर्ज साधा नव्हता. शहराच्या वाद्यवृंदाचा रशियन संगीताचा कार्यक्रम होता, नगर सभागृहात, आणि त्यात पुढे उभं राहून एकटीनं व्हायोलिन वाजवणारी बाई म्हणजे धाकट्याची सख्खी ताई होती.

ताई शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवायची. वाद्यवृंदात ती इतकी वर्षं मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसत आली होती. तिला पहिल्यांदाच पुढे उभं केलं होतं. "हे हुकलं तर पुढच्या वेळी ते कुणीतरी बावीस वर्षांचं बघतील," असं ती एकदा दात घासता घासता म्हणाली होती आणि चूळ भरून पुन्हा वाजवायला लागली होती. ती बाथरूममध्येच सराव करायची, कारण तिथल्या फरश्यांवरून आवाज गोल होऊन येतो म्हणे. आवाज गोल होऊन यायचा आणि घरातली माणसं बाहेर टॉवेल घेऊन रांगेत उभी असायची. चार ओळी पुढे, तीन ओळी मागे, मग तीच अर्धी ओळ पंचवीस वेळा, असा तो सराव असे. त्यामुळे ती रशियन रचना घरातल्या प्रत्येकाला पाठ होती आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग कुणीच ऐकलेली नव्हती. धाकट्याला तिच्याबद्दल नेमकं एवढंच ठाऊक होतं की ती चालू असताना आंघोळ होत नाही.

पण भाषांतर त्यानं जीव ओतून केलं. रचना करणाऱ्या रशियन गृहस्थांच्या नावात इतकी जोडाक्षरं होती की ते म्हणताना समोरच्यानं रुमाल पुढे करावा. बाकीचा मजकूर शब्दसंग्रहातून एकेक शब्द काढून त्यानं असा बसवला:

'कार्यक्रमाचे स्वरूप: रशियन. वाहक: एक. पुढारी: एक. पितळ विभाग, तंतू विभाग व आघात पथक. तंतू विभागातील सर्वांजवळ धनुष्ये असतील. एक महिला एकटी पुढे राहील. संपूर्ण कार्यक्रम मेजर डी. यांच्यात होईल. पहिली चळवळ: माफक वेगाने. दुसरी चळवळ: सावकाश, गात गात. तिसरी चळवळ: अतिशय वेगाने, आगीसह.'

'आगीसह'वर त्याचा विशेष जीव होता. मूळ शब्द इंग्रजीही नव्हता, इटालियन होता, आणि तो त्यानं स्वतः शोधून काढला होता. शब्दबाईंनी मजकूर वाचला, "शब्द आपलेच आहेत," एवढंच म्हणाल्या आणि शिक्का मारला. त्यांच्याकडून एवढं कौतुक झालं की माणूस पक्का होतो, असा विभागात समज होता.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टरसाहेब आले.

ते टोपी काखेत धरून आत आले, खुर्ची पुसून बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी तो टेबलावर हातानं सपाट केला. माणूस शांत होता. प्रत्येक वाक्य ऐकून झाल्यावर ते थोडं थांबायचे, जणू ते वाक्य खोटं ठरायला वेळ देतायत.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"भाषांतर केलंय साहेब. लिहिलंय दुसऱ्यांनी."

"दुसरे कोण?"

"एक रशियन गृहस्थ होते. ते वारले."

"कधी?"

"झाली शंभराच्या वर वर्षं."

"आणि चळवळ अजून चालू आहे?"

"जगभर!" धाकटा अभिमानानं म्हणाला. "मोठ्या मोठ्या शहरांत दरवर्षी होते. लोक उभे राहतात शेवटी."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

"वाहक कुठल्या डेपोचा?"

"डेपोचा नाही साहेब. तो नुसता उभा राहतो. लोकांकडे पाठ करून. हातात काडी असते."

"काडी." साहेब थांबले. "आणि खाली आग लिहिलंय."

"नाही नाही, ती काडी लावायची नसते. नुसती हलवायची. त्याच्या इशाऱ्यावर बाकीचे सुरू होतात."

"इशाऱ्यावर. बरं. पुढारी कुठे असतो?"

"तो डावीकडे."

साहेबांनी मान वर केली. धाकट्याला आपण काय बोललो ते उमगलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची सोय शब्दसंग्रहातसुद्धा नव्हती.

"डावीकडे बसतो, साहेब. खुर्ची तिथे असते."

"आणि हे मेजर डी.? सैन्यातले?"

इथे धाकटा खरोखर गडबडला. मेजर डी. कोण ते त्यालाही माहीत नव्हतं. ताईला एकदा विचारलं होतं, तेव्हा ती बाथरूममधून ओरडली होती, "अरे, सगळं त्याच्यातच असतं!" तेच त्यानं सांगितलं. "सगळं त्यांच्यातच असतं साहेब. पण ते दिसत नाहीत."

'भूमिगत', असं साहेबांनी लिहिलं आणि अक्षर नीट आलं नाही म्हणून पुन्हा एकदा गिरवलं.

"आणि ही एकटी पुढे राहणारी महिला?"

"माझी ताई."

साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, कणव होती, आणि संशय परवडला असता असं धाकट्याला वाटून गेलं. "घरच्यांनी समजावलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"समजावलं होतं. सकाळी तरी बाथरूम मोकळं ठेव म्हणून. ऐकत नाही."

साहेब गेल्यावर धाकटा धावत शब्दबाईंकडे गेला. त्याला एव्हाना अंधुक अंधुक उजाडायला लागलं होतं. चळवळ म्हणजे इथे नुसता भाग असावा. वाहक म्हणजे वाद्यवृंदाचा मास्तर. एकदा हे लिहून दिलं की मिटलं.

"'चळवळ' शब्दसंग्रहात आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे, पण बाई, तो इथे चुकीचा..."

"शब्दसंग्रहात आहे म्हणतोस आणि चुकीचा म्हणतोस. एक काहीतरी ठरव."

"शुद्धिपत्रक काढता येईल ना?"

"येईल की. त्याला समिती लागते. समितीचे एक सदस्य डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलेत. ते आले की बसू. कधी आहे तुझा कार्यक्रम?"

"शनिवारी."

"त्यांना शनिवारी दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली आहे," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

मग तो पोलीस ठाण्यात गेला. बाकावर बराच वेळ बसून शेवटी साहेबांसमोर उभं राहायला मिळालं, तेव्हा त्यानं एका दमात सांगून टाकलं की चळवळ म्हणजे भाग, वाहक म्हणजे मास्तर, पुढारी म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा वादक, मेजर डी. म्हणजे माणूसच नव्हे, सुरांची पट्टी, आघात पथक म्हणजे ढोल वाजवणारे चार सज्जन गृहस्थ, त्यातले दोघे तर बँकेत आहेत.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे थांबले. "मग आधी 'भाग' का नाही लिहिलं?"

"शब्द... चांगला वाटला."

"म्हणजे आधी चळवळ होती. आम्ही चौकशीला आलो, आणि भाग झाला." त्यांनी कागदाची घडी घातली. "माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

धाकट्यानं प्रामाणिकपणे स्वतःला साहेबांच्या जागी ठेवून पाहिलं. त्यानं ताईला अटक केली असती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी जिन्यात पोहोचली होती. वरच्या मजल्यावरचे काका कठड्याला टेकून उभे होते. काका आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते, त्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणी कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मध्येच असतात, अशी त्यांची खात्री होती.

"आग शेवटी ठेवलीत, तिथेच चुकलं," काका म्हणाले. "आग आधी घ्या. मग ती माफक वेगाची. मग सावकाश, गात गात. लोक थंड डोक्यानं घरी जातील."

"काका, ते असं पुढेमागे करता येत नाही."

"का? लिफ्ट पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर जात नाही?"

खालच्या काकूही वर आल्या. ताईच्या सरावाबद्दल या काकूंनी आजवर इतक्या तक्रारी केल्या होत्या की सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना बघून पायऱ्या चढायचे सोडून उतरायला लागत. आता मात्र त्या पेटून उठल्या होत्या. "मी इतकी वर्षं ऐकलंय ते फुकट ऐकलंय का? आमचं सगळं घर शनिवारी येणार. आणि काय रे, फर्माईश घेणार ना? ऑर्केस्ट्रा म्हणजे फर्माईश असते. मी चिठ्ठी लिहून ठेवली आहे."

"काकू, हा तसला ऑर्केस्ट्रा नाही."

"तसला नाही म्हणजे?" काकूंनी आवाज खाली आणला. "खरंच चळवळ आहे?"

आईनं दार उघडून त्याला आत ओढलं. आतून तीच अर्धी ओळ येत होती. आई कुजबुजली, "तिला यातलं काही सांगू नकोस. आधीच जेवत नाही. काल वरणात साखर घालून खाल्लंन आणि छान झालंय म्हणाली."

धाकट्यानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही ठरलेलंही नव्हतं, कारण कागद आता अग्निशमन दलाकडे गेला होता.

दलाचे अधिकारी दांडगे होते, मिशाळ होते आणि मनानं अतिशय आशावादी होते. शहरात बऱ्याच दिवसांत कुठे काही पेटलं नव्हतं, आणि माणसाच्या अंगी गुण असून उपयोग करायला मिळू नये, हे त्यांना लागत होतं. ते तालमीच्या वेळी सभागृह तपासायला आले. धाकटा त्यांना घेऊन मागच्या दारानं आत शिरला. त्याचा बेत सोपा होता. अधिकाऱ्यांनी एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिलं की शंका राहणार नाही: चष्मे लावलेली, बाटलीतलं पाणी पिणारी, कागद उलटणारी माणसं, दुसरं काय!

आत वाद्यवृंदाचे मास्तर चौथऱ्यावर उभे होते. यांना सगळे काडीवाले सर म्हणत. सर अंगानं काडी होते आणि रागानं मात्र गवताची गंजी. बरोबर त्याच वेळी ते हातातली काडी समोरच्या रांगांवर रोखून ओरडत होते:

"आग कुठाय? मला आग पाहिजे! ही काय, चूल फुंकताय? पितळवाले, तुम्ही मागून पेटवा! तंतूवाले, तुम्ही पुढून धरा! शनिवारी हे सभागृह उभं राहता कामा नये!"

"ते लोक उभे राहण्याबद्दल..." धाकटा म्हणायला गेला, पण ते वाक्य त्यालाही पटलं नाही.

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं, "लवकर घेईल," असं समाधानानं म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेले. चौथऱ्याच्या बाजूला उभी असलेली ताई घाम पुसत धाकट्याकडे बघून हसली. तिला वाटलं, भाऊ तालीम ऐकायला आला.

शुक्रवारी दुपारी परवाना आला. शब्दबाईंनी तो स्वतः आणून त्याच्या टेबलावर ठेवला, कारण त्यात विभागाचे सगळे शब्द जसेच्या तसे वापरले होते आणि असं याआधी कधी झालं नव्हतं.

'पहिल्या दोन चळवळींस, त्या माफक वेगाच्या व सावकाश असल्याने, परवानगी देण्यात येत आहे. तिसरी चळवळ नामंजूर. दुसरी चळवळ पूर्ण होताच पडदा पाडावा. पडदा पाडण्याची जबाबदारी अर्जाचे भाषांतर करणाऱ्यावर राहील.'

धाकट्यानं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना भाषा चांगली आहे असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तडक उठून घरी गेला.

ताई बाथरूममध्ये होती. त्यानं दारावर टकटक केलं.

"दोन मिनिटं!"

"आंघोळीला नाही. बोलायचंय."

दार उघडलं. ताई हातात व्हायोलिन घेऊन, पाय उलट्या बादलीवर ठेवून बसली होती. धाकट्यानं सगळं सांगितलं, अगदी 'चळवळ'पासून. 'भूमिगत'ला तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तो हसण्याचा की रडण्याचा, ते बाथरूमच्या उजेडात कळत नव्हतं. शेवटी त्यानं परवाना तिच्या हातात दिला.

तिनं वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्या भागासाठीच ती एवढी वर्षं वाजवत होती, हे धाकट्याला त्या क्षणी तिच्या मानेवरून कळलं. व्हायोलिन टेकून टेकून तिथे जो डाग पडला होता तो लालेलाल झाला होता.

"'दुसरी चळवळ पूर्ण होताच'," तिनं मोठ्यानं वाचलं. "असंच म्हटलंय? पूर्ण होताच?"

"हो."

"म्हणजे दुसरी पूर्ण झाल्याशिवाय पाडायचा नाही."

"नाही. पण झाल्यावर पाडावाच लागेल गं. साहेब माझ्या शेजारी बसणार आहेत. ताई, मी उद्या आजारी पडू का?"

"अजिबात नाही. तूच ये. दोर तूच धर." तिनं कागद नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवला. "आणि ऐक. दुसरी संपली की पाड. बेधडक पाड. फक्त संपली आहे ना, ते नीट बघ. माझ्या मध्येच पाडलास तर बघ हं." मग ती बादली सरळ करून बाहेर आली, आईला म्हणाली, "भूक लागली," आणि चांगली पोटभर जेवली.

धाकटा तिच्या ताटाकडे बघत राहिला. बाईचं डोकं फिरलं असावं, आणि तेही आपल्यामुळे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. आईचाही तोच निघाला. त्या रात्री दोघांनी तिला काही विचारलं नाही.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. नेहमी ज्या कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगा आणि मागे झोपायला आलेला एखादा माणूस असायचा, तिथे आज जागा नव्हती. परवान्याची बातमी गावभर झाली होती. काही लोक संगीताला आले होते, काही चळवळीला आणि काही आगीला. लिफ्टवाले काका सगळ्यांना बाहेर पडायचे दरवाजे दाखवत होते. काकूंच्या हातात फर्माईशीची चिठ्ठी होती.

धाकटा पडद्याच्या आड, दोर हाताला गुंडाळून बसला होता. उजवीकडे इन्स्पेक्टरसाहेब, मांडीवर टोपी. डावीकडे अग्निशमनवाले अधिकारी, मांडीवर शिरस्त्राण. त्यांच्या पायांशी पाण्याच्या पाइपचं भेंडोळं झोपलं होतं.

ताई चौथऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. काडी हलली.

पहिली चळवळ माफक वेगानं सुरू झाली आणि धाकट्याला सारख्या ओळखी पटू लागल्या. ही ती ओळ, जिच्यापायी आपण परीक्षेला आंघोळ न करता गेलो. ही ती, जी ऐकून काकूंनी पहिल्यांदा सेक्रेटरींना गाठलं. पण त्या ओळी आता सुट्या नव्हत्या. मागे सत्तर माणसं त्यांना हातावर घेऊन पुढच्या ओळीकडे सोपवत होती, आणि एकही परत मागे येत नव्हती. भाग संपला. शांतता झाली. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे एकदम खोकले.

"पहिली?" साहेबांनी विचारलं.

"पहिली."

"शांततेत पार पडली," साहेबांनी नोंद केली.

दुसरी सावकाश होती. गात गात होती. साहेबांनी एकदा डोळे मिटले, मग आपण कामावर आहोत हे आठवून उघडले. अग्निशमनवाल्यांनी नाक ओढलं. आवाज लहान लहान होत गेला, इतका लहान की ताईचा हात तेवढा हलताना दिसत होता. धाकट्याला वाटलं, आता संपणार. त्यानं दोर घट्ट धरला.

"तयार?" साहेब कुजबुजले.

"तयार."

आवाज अगदी धाग्याएवढा झाला. साहेबांनी हात वर केला. धाकट्यानं डोळे मिटले.

आणि तो धागा तुटलाच नाही. एक क्षणही न थांबता, श्वाससुद्धा न घेता, मागची सत्तर माणसं एकदम अंगावर कोसळली आणि ताई त्यांच्यामधून वेगानं बाहेर निघाली.

साहेबांचा हात वरच राहिला. "हे काय?"

"मला नाही माहीत."

"दुसरी पूर्ण झाली का?"

"थांबली तर नाही."

"थांबली नाही म्हणजे पूर्ण नाही." साहेबांनी परवाना काढून अंधारात डोळ्यांजवळ धरला. "पण ही सावकाश नाही."

"गात गात आहे, साहेब," धाकटा म्हणाला. घाबरल्यावर माणूस कसा चिकाटीनं कायदा काढतो, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "लिहिलंय, सावकाश, गात गात. दोन्हींतलं एक आहे अजून."

साहेब विचारात पडले. हात दुखायला लागला तसा त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला, पण खाली घेतला नाही, कारण दुसरी केव्हाही संपू शकत होती. ताईचा हात आता दिसेनासा झाला होता. धनुष्याचे दोन केस तुटून हवेत लोंबत होते. काडीवाले सर चौथऱ्यावर जवळजवळ नाचत होते, आणि आघात पथकातले बँकेतले दोघे असे काही तुटून पडले होते की त्यांच्या शाखेतल्या लोकांनी पाहिलं असतं तर बदली मागितली असती. अग्निशमनवाले कधीच उभे राहिले होते. शिरस्त्राण खाली पडून गडगडत गेलं, तेही त्यांना कळलं नाही.

धाकट्याला काहीच उमगत नव्हतं. ही दुसरी होती का तिसरी? ताईला हे आधीच ठाऊक होतं का? म्हणून जेवली का? आणि एवढं मोठं बाई माणूस, हे सगळं घेऊन इतकी वर्षं आमच्या बाथरूममध्ये कशी मावली?

मग शेवटचा दणका झाला आणि सगळं थांबलं.

"आता!" साहेबांनी हात खाली टाकला. "पूर्ण झाली! पाडा!"

पण सभागृह उठलं होतं. टाळ्या अशा कोसळल्या की धाकट्याला साहेबांचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. ताई वाकून नमस्कार करत होती, केस कपाळाला चिकटलेले, आणि पहिल्या रांगेत आई उभी राहून शेजारच्या अनोळखी बाईला हलवून हलवून काहीतरी सांगत होती. तेवढ्यात वरून, बाल्कनीतून, लिफ्टवाल्या काकांचा आवाज आला: "वन्समोअर!"

खालून काकू ओरडल्या, "वन्समोअर! हीच माझी फर्माईश!" त्यांनी स्वतःची चिठ्ठी फाडून टाकली. बघता बघता सगळं सभागृह एका सुरात वन्समोअर मागायला लागलं. काडीवाले सरांनी पडद्याच्या फटीतून आड बसलेल्या वर्दीकडे पाहिलं आणि काडी खाली केली.

साहेब नेहमीप्रमाणे थांबले. या वेळी जास्तच थांबले.

"मला नेमकं सांगा," ते धाकट्याला म्हणाले. "तुमचा विभाग आहे. तिसरी झाली का?"

हो म्हणावं तर दोर न ओढल्याबद्दल कच्ची नेमणूक कच्चीच जाणार. नाही म्हणावं तर ते खरं की खोटं, हे त्याला आईशप्पथ माहीत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "मला कळलं नाही."

"मलाही नाही." साहेबांनी परवान्याची घडी घालून ती टोपीत ठेवली. "ज्यात मध्ये थांबता येत नाही ती एकच. म्हणजे झाल्या त्या दोनच. आणि दुसरीला परवानगी आहे. ती किती वेळा, ते लिहिलेलं नाही."

"सगळी नको," अग्निशमनवाले घाईघाईनं म्हणाले. "शेवटचं तेवढं. ते... भडकतं तिथून."

"जाऊन सांगा लोकांना," साहेब म्हणाले. "नीट शब्दांत सांगा."

धाकटा दोर सोडून उठला. हाताला वळ उठले होते. तो माइकपाशी गेला, समोर सगळं गाव टाळ्या थांबवून त्याच्याकडे बघायला लागलं, आणि त्याच्या लक्षात आलं की जे सांगायचं आहे त्याला शब्दसंग्रहात शब्द नाही. त्यानं ताईकडे पाहिलं. तिनं व्हायोलिन मानेखाली घेतलं होतं.

"रसिकहो," तो म्हणाला, "आता, लोकाग्रहास्तव, पुन्हा एकदा... दुसऱ्या चळवळीचा..."

तो अडला. ताईनं वाट पाहिली नाही. तिनं धनुष्य टेकवलं आणि ती निघालीसुद्धा, सत्तर माणसं तिच्या मागे. धाकटा माइकसमोर तोंड उघडं ठेवून, पुढचा शब्द शोधत तसाच उभा राहिला, आणि मागून इन्स्पेक्टरसाहेब दबक्या आवाजात त्याला म्हणाले, "अहो, खाली बसा ना, पुढचं दिसत नाही!"